स्वतःलाच पटवून घेणं: इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

मांजराकाठ
2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. औसा तालुक्यातल्या आमच्या रानात अण्णांनी बोअर घेतला. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, तीनशे फुटांवर पाणी म्हणाला. तीनशे झाले, चारशे झाले, नुसता राखाडी फुफाटा उडत होता. अण्णा घडीघडी वाकायचे, चिमूटभर भुकटी बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "ओल लागायलीय बघ." मीही चोळून बघितली. कोरडी ठक्क. सहाशेला मशीन थांबवली. अण्णा कुणाला फसवत नव्हते. तोवर त्यांना खरंच ओल लागत होती.

आता लेक हे इंग्रजीत लिहितेय. तिनं 'रॅशनलाइझ' घातलंय, मला ते खटकतं. मानसशास्त्रात हा शब्द अर्नेस्ट जोन्सनं 1908 मध्ये रूढ केला तो वेगळ्या गोष्टीसाठी: आधी करून बसायचं, मग त्याला शहाणी कारणं जोडायची. अण्णा कारणं देत नव्हते, विश्वास घडवत होते. मी म्हणतो, 'टॉक्ड हिमसेल्फ इनटू बिलीव्हिंग'. चार शब्द लागले तर लागू द्या.

दुधनाकाठचा
साफ असहमत. चारशे फुटांचे पैसे जमिनीत गेले होते. "आता थांबलो तर गेलेलं वाया" हे कारण आत होतंच, फक्त बोलून दाखवलं नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरनं 1957 मध्ये मांडलेला 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स', म्हणजे करणं आणि मानणं जुळेना की होणारी मनाची ओढाताण, तो हाच. 1959 च्या प्रयोगात लोकांना कंटाळवाणं काम दिलं आणि "मजा आली" असं पुढच्याला सांगायला लावलं. कुणाला 1 डॉलर दिला, कुणाला 20. नंतर ते काम बरं वाटलं 1 डॉलरवाल्यांना. खोटं बोलण्याएवढे पैसे मिळाले नव्हते, मग मनच फिरवलं. लेकीचा शब्द बरोबर आहे.

मांजराकाठ
प्रयोग पटला, पण तो माझ्याच बाजूनं जातो. त्या लोकांनी आधी तोंडानं म्हटलं, मग त्यांना तसं वाटलं. अण्णांचंही तेच.

नांदेडच्या बाई
वर्गात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवते म्हणून बोलते. साधा शब्द सोडून लांब कशाला जाताय? 'कन्व्हिन्स' आणि 'पर्स्वेड' बघा. पहिल्याच्या पोटात लॅटिन 'विन्केरे' आहे, म्हणजे जिंकणं. दुसऱ्यातला 'सुआदेरे' आणि आपला 'स्वादु' एकाच घरचे. गोड करून गळी उतरवणं! जुने व्याकरणवाले सांगतात, मत बदललं की कन्व्हिन्स, कृती करायला लावली की पर्स्वेड. पण आज दोन्ही दोन्हीकडे चालतात. 'ही पर्स्वेडेड हिमसेल्फ दॅट द डस्ट वॉज डॅम्प' हे खणखणीत इंग्रजी आहे. आणि मराठीत 'समजूत घालणं' दुसऱ्याची, 'समजूत करून घेणं' आपली. आपल्याकडे जे काम 'करून घेणं' करतं, ते तिकडे 'हिमसेल्फ' करतो. तो गाळू नका.

गोदाकाठ, परभणी
मला तुमचे सगळेच शब्द लागले. प्रत्येकात शेतकरी वेडा ठरतो. अहो, आपला हा काळा पाषाण. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत. शेजाऱ्याला वीस पावलांवर लागतं आणि आपल्याला फुफाटा. माझा बोअर 520 फुटांवर लागला. 500 ला थांबलो असतो तर? त्याला 'होप' म्हणा. आशा.

मांजराकाठ
दादा, म्हणूनच मी 'डिल्यूजन' लेकीला लिहूच दिला नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला परक्या भाषेत भ्रमिष्ट म्हणायला जीभ उचलत नाही. पण आशा वेगळी. आशा धरलेला माणूस मशीनकडे बघत बसतो. आमचे अण्णा चिमूट चोळत होते. त्यांना पुरावा पाहिजे होता, आणि तो ते बोटांनी तयार करत होते. एवढा फरक ज्यात उतरेल तोच शब्द मला हवाय. बाई, तुमचं वाक्य लेकीला वाचून दाखवलं. तिनं 'रॅशनलाइझ' खोडलं.

काल अण्णांनाही विचारलं, तेव्हा खरंच ओल लागत होती का? म्हणाले, "होती की. तूच नीट चोळली नाहीस."

दुधनाकाठचा
बोअरपुरतं बाईंचं वाक्य राहू द्या. पण इतक्या वर्षांनंतरचं हे उत्तर 'रॅशनलाइझ'च आहे. तिथं तरी लेकीला तो शब्द ठेवू द्या.