क्लच वायरचे फास: मुलुंडच्या जंगलाच्या कडेला कॅमेरे लावून उपयोग होईल का?

मुलुंडचा कॅमेरावाला

नमस्कार मंडळी. मुलुंड पश्चिमेला राहतो. सीसीटीव्ही बसवायचा धंदा, १४ वर्षं झाली. सोसायट्या, दुकानं, गोडाऊन. जंगलातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या रविवारी पहाटे मुलीला घेऊन संजय गांधी नॅशनल पार्कच्या भिंतीच्या बाहेरून फिरत होतो. एका ठिकाणी भिंत ढासळली आहे. तिथे मुलीला झुडपात काहीतरी चकाकताना दिसलं. वाकून बघितलं आणि लगेच ओळखलं, बाईकची क्लच वायर. टोकाची ती धातूची गोळीसुद्धा तशीच होती. तिच्यामागे बारीक फास केलेला, दुसरं टोक करवंदीच्या बुंध्याला तीन वेढे मारून बांधलेलं. दोन्ही बाजूंना काटक्या रोवून वीतभर उंचीचं कुंपण केलेलं, जनावराने फटीतूनच जावं म्हणून. फासात राठ, काळपट केस अडकलेले होते.

मुलीने विचारलं, "बाबा, यात बिबट्या अडकला तर?" मला उत्तर देता आलं नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. माणसं आली, वायर कापून घेऊन गेली. जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, एक सापडला म्हणजे आजूबाजूला अजून असणारच. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

माझ्याकडे सिमवाले, सोलरवर चालणारे कॅमेरे आहेत. माणूस दिसला की मोबाईलवर फोटो येतो. दोन सेट स्वतःच्या खर्चाने द्यायला तयार आहे. उपयोग होईल का? की ड्रोन बरा?

येऊरची पायवाट

दादा, आधी मुलीला शाबासकी द्या. गवतातली वायर मोठ्यांना दिसत नाही.

मी नऊ वर्षं वनविभागाच्या परवानगीने फास शोधायच्या फेऱ्यांना जाते. ड्रोन विसरा. पार्कच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला हवाईदलाचं ठाणं आहे, परवानगीचाच प्रश्न येईल. आणि जूननंतर आपल्या जंगलावर पानांचं छप्पर इतकं दाट होतं की वरून काही दिसणार नाही.

कॅमेऱ्यांचं थोडं वेगळं आहे. सोसायटीच्या गेटवर चालणारा कॅमेरा जंगलात चालेलच असं नाही. जंगलातला कॅमेरा ट्रॅप उष्णतेवर चालतो. मागच्या झाडोऱ्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं तरच तो जागा होतो. मे महिन्यात दुपारी कातळ तापतो, हवा अंगाच्या उष्णतेजवळ पोचते, तेव्हा माणूस समोरून गेला तरी फोटो निघेलच याची खात्री नाही. पावसाळ्यानंतर उलटं, उन्हात हलणाऱ्या गवताचे शेकडो फोटो. रात्री बऱ्याच कॅमेऱ्यांचा इन्फ्रारेड दिवा मंद लाल दिसतो. फास लावणारा तो ओळखतो आणि कॅमेराच उचलून नेतो.

फोटो बघायला माणसं कुठून आणायची, हाही प्रश्न आहेच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो आले साधारण ३ कोटी ४८ लाख, त्यात वाघाचे सुमारे ७७ हजार आणि बिबट्याचे ५२ हजारांच्या आसपास. गणनेसाठी ते संगणकाने वेगळे केले तरी चालतं, वेळ लागला तरी चालतो. शिकारी पकडायचा तर फोटो त्याच घटकेला पोचायला हवा. कान्हा-पेंचच्या पट्ट्यात ट्रेलगार्ड नावाचे कॅमेरे लावून बघितलेत. फोटोत काय आहे ते कॅमेऱ्यातली चिपच तपासते आणि माणूस किंवा वाघ असेल तरच पुढे पाठवते. तुमच्या मनात आहे ते याच्या जवळचं आहे. पण रात्री दोन वाजता फोटो आला तर तिथे कोण जाणार, ते आधी ठरवा. आणि पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, कॅमेरा लावणं तर दूरच.

निवृत्त वनपाल

साहेब, मी चंद्रपूरकडचा. ३१ वर्षं जंगलात गेली, आता ठाण्यात मुलाकडे असतो. वरच्या ताई बरोबर बोलल्या.

आमच्या वेळी गस्तीच्या वहीत रोज एकच ओळ असायची, "गस्त केली, सर्व ठीक." कोण कुठवर गेला ते देवाला ठाऊक. २०१० मध्ये व्याघ्र प्राधिकरणाने एम-स्ट्राइप्स हे गस्तीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आणलं. पुढे ते मोबाईलवर आलं. वनरक्षक चालला की जीपीएसची रेघ नकाशावर उमटते, फास दिसला की तिथेच फोटो आणि नोंद. सुरुवातीला पोरांना राग आला, आमच्यावर पाळत ठेवतात म्हणून. मग महिन्याचे नकाशे एकावर एक ठेवून बघितले. एका नाल्याच्या वरच्या अंगाला चार महिने एकही रेघ नव्हती. भाग अगदी कोरा. चढ अवघड, पाणी नाही, म्हणून सगळे खालूनच वळत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण तिथे चढलो. ७ फास निघाले. एकात भेकर होतं. मान नाही, कंबर अडकलेली. किती वेळ धडपडलं असेल, भोवतालची माती फूटभर उकरली गेली होती. मी आजवर ते विसरलो नाही.

मोबाईलने दुसरंही एक काम केलं. मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीच्या तपासात कॉल रेकॉर्डवरून टोळीचा माग काढला गेला. जंगलातला माणूस सापडतो, पण कातडं विकत घेणारा दूर बसलेला असतो. तिथे कॅमेरा पोचत नाही, फोनचा हिशेब पोचतो.

तुमच्याकडे आम्ही वीजतारांचा जो त्रास सोसला तो नसेल. शेताच्या कडेने उघड्या तारेत करंट सोडतात, डुकरासाठी, आणि मरतो वाघ. तुमच्याकडे क्लच वायर. ती कुठल्याही गॅरेजमध्ये मिळते.

येऊरची पायवाट

काका, तुमच्या कोऱ्या भागावरूनच आठवलं. हार्वर्डचे प्राध्यापक मिलिंद तांबे यांच्या गटाने पॉज नावाची प्रणाली तयार केली. जुन्या गस्तींच्या नोंदी, सापडलेले फास, पाणी, रस्ते, चढ-उतार एकत्र करून पुढचे फास कुठे असतील याचा ती अंदाज देते. युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ उद्यानात आणि कंबोडियाच्या स्रेपोक अभयारण्यात ती प्रत्यक्ष वापरली. पण जिथे कोणी गेलंच नाही तिथली नोंद नसते, मग यंत्रालाही तो भाग सुरक्षितच वाटू शकतो. म्हणून अधूनमधून कोऱ्या भागात मुद्दाम माणसं पाठवावी लागतात. पायाला पर्याय नाही.

पाड्यावरची

दादा, तुमची कळकळ पोचली. मी येऊरच्या एका पाड्यातली, ठाण्यात नर्स आहे.

कॅमेरा लावायचं ठरलं तर कुठे तोंड करून लावाल, हे आधी आम्हाला विचारा. माझी आई आजही पहाटे सुकी लाकडं आणायला जाते. बाया आडोशाला बसतात, गाणी म्हणतात, घरातलं दुःख एकमेकींना सांगतात. २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराबद्दल हेच मांडलं. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी तिथल्या बायकांवर पाळत राहिली, एका बाईचा नको त्या अवस्थेतला फोटो गावात फिरला. कॅमेऱ्याच्या धाकाने बाया नेहमीच्या वाटा सोडून जंगलात आणखी आत, वाघाच्या बाजूला जायला लागल्या.

आणि फास दिसला की पाड्याकडे बोट दाखवू नका. अनोळखी बाईक कधी आली, कुठे थांबली, हे सगळ्यात आधी आमच्या म्हाताऱ्यांना कळतं. त्यांना कोणी विचारतच नाही.

मुलुंडचा कॅमेरावाला

ताई, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सोसायटीत कॅमेरा लावताना मी बाथरूमच्या खिडक्या टाळतो, मग जंगलात माझं भान कुठे गेलं होतं? फोटो वनविभागाशिवाय कोणाकडे जाऊ नयेत, हेही लिहून घेईन.

काल रेंज ऑफिसला अर्ज दिला. आत काही लावणार नाही. ढासळलेल्या भिंतीसमोर सोसायटीच्या खांबावर एक कॅमेरा, तोंड भिंतीच्या फटीकडे, उंची कमी, पायवाट फ्रेममध्ये येणार नाही असा. भिंत बांधून होईपर्यंतच. फोटो कोणाच्या फोनवर जावा, ते साहेब ठरवून सांगणार आहेत. रविवारच्या फास शोधायच्या फेरीत माझंही नाव घातलं आहे.

काका, तुमची गॅरेजची गोष्ट डोक्यातून जाईना. आज दुपारी आमच्या रस्त्यावरच्या तीन गॅरेजवाल्यांकडे गेलो. पहिल्याने पत्र्याचा डबा पुढे केला, त्यात २३ जुन्या क्लच वायरी होत्या. कोण नेतं विचारलं तर म्हणाला, "भंगारवाला नेतो, कधी कोणी पोरं येऊन चार-पाच मागून नेतात, मी देतो." त्याला फासाचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग आतून कटर आणला आणि आम्ही दोघांनी बसून सगळ्या वायरींचे वीतभर लांबीचे तुकडे केले.