इंटरफेसवरचा रंग मोजतोय की खालचं पाणी?

मांडवीकाठ: पाण्यात 10 मायक्रोमोलर मॅलाकाइट ग्रीन हा रंग, पीएच 7.5, वर डोडेकेन हे तेल; दोन्हींमधली सीमा म्हणजे इंटरफेस. 610 नॅनोमीटरचा पंप (रंग उत्तेजित करणारा लेझर) डोडेकेनमधून 75 अंशांनी, म्हणजे पूर्ण परावर्तन. तरी फ्लुओरेसन्सचं (रंगाच्या चमकेचं) आयुष्य साध्या पाण्यातल्याइतकंच, पिकोसेकंदाच्या आत. इंटरफेसवर ते लांबायला हवं ना? डोडेकेनही हळूहळू बिघडतंय, पाण्याचा रंग उतरतोय.

काचनळी: 75 अंशांना प्रकाश पाण्यात साधारण 150 नॅनोमीटर झिरपतो. इंटरफेस जेमतेम एक नॅनोमीटरचा. म्हणजे मोजताय ते पाणीच! सेकंड हार्मोनिक (लेझरच्या अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश) घ्या. दोन्ही बाजूंच्या द्रवात रेणू सगळ्या दिशांना असल्याने तिथून तो संकेत येत नाही, फक्त सीमेवरून येतो. प्रोब (मोजणारा लेझर) 800 नॅनोमीटरचा ठेवा, 400 ला रंगाचा दुसरा शोषणपट्टा जवळ असल्याने संकेत वाढतो.

संकेत रेणूंच्या संख्येच्या वर्गात चालतो. पंपाने तो 30-40 टक्के खाली जात असेल तर आधी वर्गमूळ घ्या, मगच वक्र बसवा. नाहीतर आयुष्य फुकट लांबलेलं दिसतं.

रंगाची ऊर्जा जाते ती रेणूतल्या कार्बनच्या कड्यांच्या वळण्यातून. मधल्या कार्बनभोवती कडी फिरली की रेणू प्रकाश न देताच खाली येतो, म्हणून ग्लिसरॉलमध्ये चमकतो. सीमेवर ही कडी अडखळतात. पण 'सीमा म्हणजे घट्ट' असा नियम करू नका: रसायनशास्त्रज्ञ आयझेन्थाल यांच्या मोजमापात डीओडीसीआय हा दुसरा रंग हवा-पाणी सीमेवर उलट लवकर वळतो.

निळासर_हिरवा: रंग उतरतोय तो पीएचमुळे. 7 च्या आसपास कॅटायनचं (रंगाच्या धन आयनाचं) रंगहीन कार्बिनॉल होतं आणि ते तेलात पळतं. पीएच 4-5 करा. डोडेकेन अॅल्युमिनाच्या कॉलममधून काढा. काचेला साबण नको: अॅनायनिक (ऋणभारित) साबणाचा मागमूसही कॅटायनला सीमेवर जखडतो. नायट्रिक आम्लात रात्रभर, मग शुद्ध पाणी. शिवाय 5, 10, 20, 50 मायक्रोमोलर करून बघा. वक्र बदलत गेला तर रंगाच्या रेणूंचे गठ्ठे बनताहेत.

काचनळी: आणि पावसात सेल (नमुन्याची काचपेटी) 20 अंशांवर ठेवू नका. जुलैत पणजीचा दवबिंदू 24-25 असतो, सेलच्या खिडकीला घाम येतो आणि बीम विखुरतो. 28 वर चालवा, किंवा कोरडा नायट्रोजन सोडा.

मांडवीकाठ: पीएच 4.5 केलं, डोडेकेन स्वच्छ राहिलं. आता प्रोब लावतो.