१२ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याखाली टेंगूळ: खो-खो थांबवावा का?

प्रश्न: माझी मुलगी तीन वर्षे दादरला खो-खो खेळते. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली आणि दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी सुरू होते तिथे, सुपारीएवढे टणक टेंगूळ आले. रांगेत उकिडवे बसून खो मिळताच उठताना आणि स्थानकाचा जिना उतरताना ते दुखते. वज्रासनात तर तिला बसवतच नाही. प्रशिक्षक म्हणतात, वाढीचे दुखणे आहे, खेळू द्या. सासूबाई म्हणतात, खेळ सोडा. कोणाचे ऐकावे, आणि कोणाला दाखवावे?

प्रतिसाद १: मी परळला फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु जागा आणि वय पाहता हा ऑस्गूड-श्लाटर नावाचा, वाढत्या वयात गुडघ्याखाली होणारा विकार असण्याची शक्यता मोठी आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ वाटीखालच्या कंडरेमार्फत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यामार्फत) नडगीच्या ज्या उंचवट्यावर पडते, तो या वयात पुरता हाडाचा झालेला नसतो. हाडे भराभर लांबतात, स्नायू ताठरतात आणि प्रत्येक उठण्यागणिक तीच कोवळी जागा ताणली जाते. एका आक्रमणात ती किती वेळा उठते, हे एकदा मोजून पाहा. याला वाढीचे दुखणे म्हणणे मला पटत नाही, कारण ते बहुधा याहून लहान वयात, रात्री, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत होते आणि सकाळी मूल पळू लागते.

खेळ सोडण्याची गरज सहसा पडत नाही. उठाबशा, उड्या आणि सूर मारणे काही आठवडे कमी करावे. दुखणे सौम्य राहून दुसऱ्या सकाळी वाढलेले नसेल, तर तेवढा सराव चालतो; लंगडू लागल्यास त्या दिवशी थांबावे. सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे ठेवावा. तेल हवे तर मांडीला लावा, टेंगूळ मात्र चोळू नका. झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, सुजलेला किंवा अडकणारा सांधा यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नये. खुब्याचा विकारही गुडघ्यात दुखतो, म्हणून खुबा तपासून घ्यावाच.

प्रतिसाद २: माझा मुलगा शिवाजी पार्कला वेगवान गोलंदाजी करतो. त्यालाही असेच टेंगूळ आले, तेव्हा आम्ही घाबरून सहा महिने खेळ पूर्ण बंद ठेवला. दुखणे थांबले, पण मांड्या इतक्या अशक्त झाल्या, की मैदानावर परतल्यावर आठवड्यातच ते पुन्हा सुरू झाले. नंतर व्यायामाने मांड्या बळकट करत षटके हळूहळू वाढवली. आता तो १७ वर्षांचा आहे. दुखत नाही, टेंगूळ मात्र तसेच आहे. तुम्हाला परळचे वाडिया बाल रुग्णालय जवळ पडेल. तिथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आज मैदानावर बसून मोजले. ९ मिनिटांच्या आक्रमणात ती १४ वेळा उठली, आणि सरावाआधीच्या शंभर उठाबशा वेगळ्याच. त्या उद्यापासून बंद करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलले आहे.