रोमँटिकपणाची चाचणी: एकाला ८०, दुसऱ्याला ३५, असं का?

कोरांटी:
माणूस किती रोमँटिक आहे हे सांगणाऱ्या चाचण्या मोबाइलवर ढिगानं आहेत. एका जोडप्यात आठवणीनं गजरा आणणाऱ्याला ३५ टक्के आणि लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्याला ८० टक्के मिळाले, तर त्याचा अर्थ काय लावायचा? भरवशाची चाचणी कोणती, ती दोघांनी कशी सोडवावी, आणि ज्याचे गुण कमी त्यानं नेमकं करायचं काय?

पाणवठा:
गुण चुकलेले नाहीत. चाचणी काय मोजते ते कुणी पाहत नाही, गोंधळ तिथंच होतो. अभ्यासकांमध्ये सर्रास वापरली जाणारी मोजपट्टी सुझन स्प्रेचर आणि सँड्रा मेट्स यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींवर तयार केली. १५ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. विधानांचे गट चार: प्रेम असेल तर कुठल्याही अडचणीतून वाट निघते, आपल्यासाठी जगात एकच माणूस असतो, आपलं नातं अगदी परिपूर्ण असेल, पहिल्या नजरेत प्रेम बसतं. यात गजरा, वाढदिवस, सहल, काहीच नाही. ही पट्टी मोजते ती श्रद्धा, वागणूक नव्हे. वाढदिवस विसरणाऱ्याची 'आपली गाठ वरूनच बांधलेली' अशी ठाम समजूत असेल तर त्याला भरघोस गुण मिळणारच. त्या पहिल्या अभ्यासात मुलांचे गुण मुलींपेक्षा थोडे जास्त आले होते.

रानवारा:
वरच्या उत्तरात भर. सगळ्यांना एकाच आकड्यात कोंबणं हीच मुळात चूक आहे. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ जॉन अॅलन ली यांनी १९७३ मध्ये प्रेमाच्या सहा तऱ्हा मांडल्या: उत्कट ओढीचं, खेळीमेळीचं, मैत्रीतून मुरलेलं, पारखून केलेलं, झपाटलेलं आणि स्वतःला विसरून दिलेलं. क्लाइड आणि सुझन हेंड्रिक यांनी १९८६ मध्ये त्यावर ४२ विधानांची प्रश्नावली केली, प्रत्येक तऱ्हेला सात. सहा बेरजा वेगवेगळ्या ठेवायच्या, एकत्र करायच्या नाहीत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. पत्रिका, शिक्षण, घरची माणसं बघून ठरवलेल्या लग्नात 'पारखून' हा आकडा मोठा येतो आणि लोक लगेच स्वतःला रुक्ष ठरवतात. तो आकडा मोठा असूनही उत्कटतेचा आकडा मोठा असू शकतो.

सोडवायची रीत: दोघांनी वेगळ्या खोलीत, कागदावर, एकमेकांचं न बघता. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. मग बेरीज बाजूला ठेवून एकेक विधान ताडून बघा. १ ते ७ गुणांच्या पट्टीवर ३ किंवा जास्त गुणांचा फरक असेल तिथं खूण करा, आणि एका बैठकीत अशा दोन-तीनच खुणांवर बोला. (३ हा माझा व्यवहारातला अंदाज, शास्त्रातला नियम नव्हे.) भांडणानंतर लगेच भरू नका, रागाच्या भरात उत्तरं बदलू शकतात. आणि 'तुझ्या वतीनं मीच भरते' हे तर अजिबात नको.

सुरंगी:
गुण कमी असलेल्यानं काय करावं, त्याबद्दल. समोरच्याला प्रेम कशातून कळतं ते आधी विचारा, मग ती एकच गोष्ट नीट करा. गजऱ्याचंच घ्या. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, म्हणून दुपारी घेताना घट्ट मिटलेल्या, टोकाला तपकिरी न पडलेल्या कळ्यांचा बघा. पूर्ण उमललेला स्वस्त मिळतो, पण घरी पोचेपर्यंत पाकळ्या गळतात. तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत स्कूटरच्या डिकीत ठेवलात तर कळ्यांना घाम सुटतो आणि त्या काळ्या पडतात. केळीच्या पानात किंवा पिळून काढलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळा. थांबायचं असेल तर झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आणि तिला मोगऱ्याच्या वासानं डोकं दुखत असेल, किंवा केस कापलेले असतील, तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी झालाच नाही. ३५ टक्केवाल्याचंही असंच होत असेल का, ते बघा.

पाणवठा:
अजून एक, पैसे न लागणारं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जोडीदाराच्या चांगल्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो त्याचा नात्यातल्या समाधानाशी घट्ट संबंध असतो. 'मला बढती मिळाली' यावर मोबाइलमधून मान वर न करता 'छान' म्हणणं, 'म्हणजे आता रोज उशीर' म्हणणं, किंवा सरळ विषयच बदलणं, हे तिन्ही मारक. 'कधी कळलं? कुणी सांगितलं? पहिल्यांदा काय वाटलं?' असे दोन-तीन प्रश्न विचारायचे, ऐकायचं, आणि मधे स्वतःची बातमी घुसवायची नाही.

कोरांटी:
आणि दोघांपैकी एकाला प्रश्नावली भरायचीच नसेल तर?

रानवारा:
मग आग्रह करू नका. ओढूनताणून भरलेल्या कागदावर सगळीकडे मधलाच आकडा, ४, येतो. चहा घेताना एकच विचारा: 'गेल्या आठवड्यात माझ्या कुठल्या वागण्यानं तुला बरं वाटलं?' पहिल्यांदा 'तसं काही नाही' हेच उत्तर मिळेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.