उपवासकाळात डबा न उघडणारी मुलगी: वर्गशिक्षिकेने कुठवर बोलावे?

प्रश्न: वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी, माहीम

नमस्कार. मी मुंबईतील एका कॅथलिक शाळेत 11 वर्षांपासून मराठी शिकवते आणि यंदा सातवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. मी स्वतः हिंदू आहे. शाळेतील प्रार्थना, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस), क्रुसाची वाट (येशूच्या मरणयात्रेतील चौदा प्रसंग, ज्यांना ‘स्थाने’ म्हणतात) हे सारे मी इतकी वर्षे जवळून पाहत आले असले, तरी त्यामागचे नियम मला बारकाईने ठाऊक नाहीत, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

यंदा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा काळ, 18 फेब्रुवारीला सुरू झाला आणि त्याच आठवड्यात रमझानही सुरू झाला. माझ्या वर्गातील काही मुस्लिम मुली रोजे ठेवतात. त्यामुळे मधल्या सुट्टीत काही डबे बंदच राहतात हे मला माहीत होते आणि मी त्याकडे विशेष लक्ष दिले नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले की, वर्गातील एक 12 वर्षांची कॅथलिक मुलगीही रोज डबा न उघडता घरी नेते. मी सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘टीचर, माझा उपवास आहे.’’ मैत्रिणी सांगतात की ती सकाळीही फक्त चहा घेऊन येते. खेळाच्या तासाला ती दोनदा मटकन खाली बसली.

तिची आजी नाताळच्या आधी वारली. आई आणि वडील दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे तिला लहानाचे मोठे आजीनेच केले. तेव्हापासून ती गप्प झाली आहे, पण अभ्यासात कुठेही मागे पडलेली नाही. खरे सांगायचे तर, त्यामुळेच आम्हा शिक्षकांपैकी कोणाला काळजी वाटली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की, वर्गाच्या भिंतीवर ‘माझा त्याग’ नावाचा तक्ता आहे. चॉकलेट सोडले, मोबाइलवरचा खेळ सोडला, असे मुले त्यात लिहितात आणि दर आठवड्याला त्यांच्या नावापुढे चांदणी लागते. हा तक्ता मीच लावला आहे आणि सर्वांत जास्त चांदण्या या मुलीच्या नावापुढे आहेत. दुसरी अशी की, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या शुक्रवारी, 27 मार्चला, शाळेत मुले क्रुसाची वाट प्रत्यक्ष सादर करणार आहेत आणि तिच्याकडे मरियामातेची भूमिका आहे. तेराव्या स्थानाला येशूचे कलेवर क्रुसावरून उतरवून मातेच्या मांडीवर ठेवतात. तालमीत त्या प्रसंगाला ती इतकी निश्चल बसते की पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात आणि सगळे तिचे कौतुक करतात. मला मात्र ते पाहून भीती वाटते.

आमच्या घरी एकादशीला मुले हट्टाने उपवास धरतात, पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ अशी त्यांची गत असते. साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन ती तृप्तच असतात. येथे तसे नाही, ही मुलगी खरोखर उपाशी राहते आहे. दुसऱ्या धर्माच्या शिक्षिकेने तिच्या उपवासाबद्दल बोलणे योग्य ठरेल का? आणि श्रद्धा कुठे संपते आणि दुखणे कुठे सुरू होते, हे ओळखायचे कसे?

उत्तर 1: धर्मशिक्षणाच्या वर्गाची शिक्षिका, गोराई

बाई, आधी नियम सांगते, कारण तो कळला की तुमचा निम्मा संकोच दूर होईल. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार उपवासाचे बंधन वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्यांना, म्हणजे प्रौढांना आहे आणि तेही साठावे वर्ष लागेपर्यंतच. मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन 14 वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते. तुमची विद्यार्थिनी 12 वर्षांची आहे, म्हणजे तिच्यावर यांपैकी कोणतेच बंधन नाही. प्रौढांनाही बंधनकारक उपवास दोनच दिवशी असतो, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. त्या दिवशीसुद्धा एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते. चाळीस दिवस सकाळपासून पोट रिकामे ठेवावे, असे चर्च कोणालाही सांगत नाही. उलट, लहान मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजावून देण्याची जबाबदारी पालकांवर आणि धर्मगुरूंवर आहे, असे त्याच नियमात म्हटले आहे. तेव्हा तुम्ही बोललात तर तिच्या धर्माच्या आड येत नाही, त्या धर्माने मोठ्यांवर टाकलेल्या कामाला हातभार लावता.

तक्त्याबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नये. राखेच्या बुधवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू म्हणतो की उपवास करताना चेहरा उतरलेला ठेवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास लोकांना दिसणार नाही. कपाळावर राख घेण्याच्या दिवशीच हे वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी आपण मुलांच्या त्यागाला चांदण्या लावतो. आमच्या रविवारच्या वर्गातही असा तक्ता होता. एका मुलाने खोटा त्याग लिहिला आणि नंतर तो रडत माझ्याकडे आला, तेव्हा आम्ही तो काढून टाकला. राखेच्या बुधवारच्याच आठवड्यातील शुक्रवारी बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील वाचन असते. देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपल्या भाकरीतील वाटा भुकेल्याला देणे, असे त्यात आहे. मुलांना मी हेच शिकवते की डबा उघडायचा, आपण खायचे आणि शेजारच्यालाही द्यायचे.

एक गोष्ट तिला जरूर विचारा. ‘उपवास का करतेस’ असे न विचारता ‘उपवास कोणासाठी करतेस’ असे विचारा. मृतांच्या आत्म्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो, मिस्सा अर्पण करतो. लहान मूल त्यातून स्वतःचा हिशेब मांडते आणि तो आपल्याला सांगत नाही.

उत्तर 2: शालेय समुपदेशक, बोरिवली

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात माझ्या कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

श्रद्धेने केलेल्या उपवासाला कड असते. तो ठरलेल्या दिवशी सुरू होतो, ठरलेल्या दिवशी संपतो आणि मध्येच सुटला तरी माणूस कोलमडत नाही. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. म्हणून ती रविवारी घरी जेवते का, वाढदिवसाला केक खाते का, हे आईला विचारावे. रविवारीही ती जेवण टाळत असेल, चारचौघांत खायला नको म्हणत असेल, अन्न लपवत किंवा फेकत असेल, तिला सतत थंडी वाजत असेल, चक्कर येत असेल, कपडे ढिले झाले असतील, मासिक पाळी सुरू होऊन थांबली असेल, तर त्या वेळी उपवास हे केवळ बाहेरचे नाव असते आणि आतले कारण वेगळे असते. ते कारण दुःख असू शकते, शरीराविषयीची लाज असू शकते किंवा दोन्ही. खेळाच्या तासाला ती दोनदा खाली बसली, एवढ्यावरूनच तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास पालकांना सांगावे. ईस्टरपर्यंत, म्हणजे 5 एप्रिलपर्यंत, वाट पाहू नये.

बोलताना वर्गात, मधल्या सुट्टीत, डब्याकडे बोट दाखवून बोलू नका. वजनाचा, बारीक दिसण्याचा उल्लेख कौतुकानेही करू नका. एखादे काम सोबत करताना, फळा पुसताना किंवा वह्या उचलताना, आजीविषयी विचारा आणि मग शांत राहा. अभ्यास चांगला चालला आहे म्हणून मूल ठीक आहे, ही आपल्या शाळांमधील फार जुनी समजूत आहे. दुःखातील कित्येक मुले गुण घसरू देत नाहीत, कारण घरात आधीच सगळे खचलेले असतात आणि आपली भर नको असे त्यांना वाटते. ती जे सांगेल ते कोणालाही सांगणार नाही, असे वचन मात्र देऊ नका. काही गोष्टी आईला सांगाव्या लागतील, हे आधीच सांगून ठेवावे.

शाळेत समुपदेशक नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. पालक आणि शिक्षकही तेथे सल्ला घेऊ शकतात.

मरियामातेची भूमिका मात्र तिच्याकडून काढून घ्यावी, असे मला वाटते. तीन महिन्यांच्या आतील मृत्यू आणि मांडीवर कलेवर घेण्याचा प्रसंग, हे 12 वर्षांच्या मुलीला झेपणारे नाही.

उत्तर 3: पालक, वाकोला

भूमिकेविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते अनुभवातून आले आहे. माझी पत्नी गेली त्या वर्षी माझा मुलगा शाळेच्या गायनवृंदात होता. त्याला त्रास नको, या चांगल्या हेतूने शाळेने त्याला न विचारता गुड फ्रायडेच्या गीतांमधून वगळले. तो घरी येऊन मला म्हणाला, ‘‘पप्पा, मी काय चूक केली?’’ आई गेली आणि वर तिच्यासाठी गाण्याची जागाही गेली, असे त्याला वाटले. शाळेवर माझा राग नव्हता, पण त्याला कोणी एकदा विचारले असते, तर बरे झाले असते.

म्हणून त्या मुलीला विचारा. सहाव्या स्थानाची, येशूचे तोंड पुसणारी वेरोनिका आहे, आठव्या स्थानाच्या यरुशलेमच्या स्त्रिया आहेत, निवेदन आहे. हवे ते निवड, आणि मरियामाताच हवी असेल तर तालमीला तुझी आई येऊन बसेल, असे तिला सांगता येईल.

आमच्या घरी गुड फ्रायडेला दुपारी पेज आणि लोणचे असते. माझी आई मुलांच्या ताटलीत पेज नेहमी स्वतः वाढायची आणि ती संपेपर्यंत उठायची नाही. ज्या घरात असे कोणी होते आणि आता नाही, तेथे मुलाने जेवण सोडले, तर ते जेवण कोणाच्या हातचे होते याचाही विचार व्हावा.

प्रश्नकर्त्या वर्गशिक्षिकेचे उत्तर, नऊ दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

तक्ता दुसऱ्याच दिवशी काढला. मुलांनी कारण विचारले, तेव्हा मत्तयमधील तो उतारा वर्गातील एका मुलीकडूनच वाचून घेतला आणि माझी चूक झाली असे सांगितले. रोजे ठेवणाऱ्या एका विद्यार्थिनीने लगेच सांगितले की तिची अम्मीसुद्धा, रोजा आहे हे सगळ्यांना सांगत फिरू नये, असे म्हणते. त्यानंतर वर्गात जी चर्चा झाली, ती मी ठरवून घडवू शकले नसते.

गोराईच्या ताईंनी सुचवलेला प्रश्न मी वह्या लावताना विचारला. ‘‘उपवास कोणासाठी करतेस?’’ तिने फार वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली की आजी गेली त्या संध्याकाळी तिने चहा मागितला होता, आपण मोबाइलवर होतो आणि ‘पाच मिनिटांनी देते’ असे म्हटले. आजीला स्वर्गात जायला उशीर होऊ नये म्हणून आपण न खाता ते भरून काढतो आहोत. एवढे सगळे ती गेले तीन महिने एकटी वागवत होती. मी तिला जवळ घेतले. मला त्या वेळी बोलायला काही सुचले नाही.

आईला त्याच दिवशी बोलावले. मुलगी रविवारीही जेमतेमच जेवते, हे आईला तेव्हा आठवले. डॉक्टरांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी आहे, औषध सुरू झाले. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांनी तिच्याशी अर्धा तास बोलून सांगितले की आजीचे स्वर्गात जाणे तिच्या भुकेवर अवलंबून नाही, आणि आजीच्या नावाने मिस्सा ठेवली, त्या मिस्सेतील वाचन मुलीकडेच दिले. मुख्याध्यापिका सिस्टरांनी समुपदेशकांची वेळ दर मंगळवारी ठरवून दिली आहे.

भूमिकेचे तिला विचारले. तिने मरियामाता सोडली नाही, पण तेराव्या स्थानाला आपल्या मागे दोन मैत्रिणी उभ्या असाव्यात, अशी मागणी केली. तशी तालीम सुरू आहे आणि आई कामावरून लवकर निघून येऊन बसते.

डबा अजून रोज उघडत नाही. काल उघडला होता, त्यात आजीच्या पद्धतीने भाजलेली तांदळाची भाकरी होती, आईने पहिल्यांदाच केलेली. अर्धी तिने खाल्ली आणि अर्धी बाकावरच्या मैत्रिणीला दिली.