पिकलबॉलसाठी सार्वजनिक कोर्ट मागायचंय, अर्जात नेमकं काय लिहू?

निवृत्त_पण_धावती

नमस्कार मंडळी. वय ६१, गुडघे त्याहून मोठे. दीड वर्षापूर्वी भाचीने हातात पॅडल (म्हणजे कडक बॅट) कोंबलं आणि तेव्हापासून मी नेटवरून भोकांचा प्लास्टिक बॉल मारायच्या या खेळाच्या नादी लागले. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. आता ग्रुपवर ४३ जण आहेत आणि रोज सकाळी त्यातले वीसेक तरी उगवतातच.

उगवतात ते आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये. तिथे खडूने रेषा मारतो. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे. रुंदी २० फूट, लांबी ४४, आणि नेटपासून दोन्हीकडे सात-सात फुटांवर किचनची रेघ. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेटलगतच्या या पट्ट्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तर खुशाल आत जा, मारा, पण पुढचा बॉल हवेतल्या हवेत मारायचा तर आधी बाहेर या. चाळीस वर्षं मला 'किचनमधून बाहेर ये' असं कुणी म्हटलं नव्हतं, ते सुख या वयात मिळतंय.)

नेट म्हणजे दोन खांबांना बांधलेली दोरी आणि तिच्यावर टाकलेली जुनी जाळी. मधोमध ३४ इंच असायला हवी. दोन गेम झाले की तिची झोळी होते. परवा मोजली तर २७ भरली, मग आधीचे पॉइंट धरायचे की नाही यावर अर्धा तास वाद. जमिनीला उतार, त्यामुळे हुकलेला प्रत्येक बॉल थेट गटाराच्या झाकणाकडे धाव घेतो.

इथवर चाललं होतं. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीचा पाय ऑइलच्या डागावरून सरकला आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी खेळायला बंदीची नोटीस लागली. आवाजाच्या तक्रारी आधीपासून होत्याच. नोटीस लावणाऱ्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जवळच्या सार्वजनिक उद्यानात टेनिसची दोन कोर्ट आहेत. एकावर खेळतात. दुसऱ्यावर नेट लोंबतंय आणि कडेच्या भेगेतून गवत वर आलंय. आम्ही पालिकेला पत्र दिलं: "आमच्या परिसरात पिकलबॉल कोर्ट व्हावे ही नम्र विनंती", खाली ३८ सह्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं, "आपली मागणी नोंदवून घेण्यात आली आहे." विचारायला गेले तर खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, "हे पाण्यात खेळतात ते ना?"

आता पुन्हा अर्ज करायचाय. नवीन कोर्टच मागू की ते पडीक कोर्ट द्या म्हणू? टेनिसवाले अंगावर येतील का? आणि आवाजाचा विषय आपणहून काढावा की गप्प बसावं? कुणी या वाटेने जाऊन आलं असेल तर सांगा.

---

फूटपट्टी

काकू, मी वीस वर्षं कोर्ट बांधण्याच्या कामात काढली. तुमच्या पत्रात 'व्हावे' आहे. कुठे व्हावे, किती जागेत व्हावे, कोण वापरणार, यातलं काही नाही. वाचणाऱ्याने ते नोंदवून घेण्यापलीकडे करायचं तरी काय?

पडीक कोर्टच मागा. टेनिस कोर्ट रेषांच्या आत ७८ बाय ३६ फूट असतं, पण भोवतीची मोकळी जागा धरून साधारण १२० बाय ६०. पिकलबॉलच्या एका कोर्टाला पळायच्या जागेसकट कमीत कमी ३० बाय ६० लागतं, म्हणजे तेवढ्यात चार बसतात. ३४ बाय ६४ मिळालं तर छानच, पण मग चार मावत नाहीत. टेनिसच्या एका डबल्समध्ये चार माणसं खेळतात, तिथेच या चार कोर्टांवर सोळा. हे वाक्य अर्जात पहिलं येऊ द्या, सह्या मागून.

अर्ज लिहिण्याआधी एक काम करा. दोन-चार बादल्या घेऊन जा आणि कोर्टावर पाणी पसरून तासभर थांबा. नंतर जिथे पाणी साचून राहिलंय तिथे एक नाणं ठेवा. नाणं बुडलं तर तिथे खड्डा आहे असं धरायचं. जागा खडूने गोल करून फोटो काढा. उतार दहा फुटांना जेमतेम एक इंच हवा आणि तोही सगळा एकाच बाजूला. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असला तर चालत नाही. भेगांवर नुसता रंग मारून देतो म्हणाले तर मानू नका, पुढच्या वर्षी त्याच भेगा त्याच जागी हसताना दिसतील. आणि होकायंत्र बघा. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण हवी, नाहीतर सकाळी एका बाजूच्या डोळ्यांत सूर्य आणि संध्याकाळी दुसऱ्या.

आणखी एक. पालिकेचा बॅडमिंटन हॉल असला तर त्याचीही मागणी जोडा. पिकलबॉलचं कोर्ट मापाने बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच, कारण खेळ जन्मलाच तिथे. १९६५ साली सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर खेळायचं होतं, पण सामानच धड सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिक बॉल घेऊन सुरुवात झाली. बॉलला टप्पा चांगला बसतोय म्हटल्यावर नेट खाली आलं. त्यामुळे हॉलमध्ये बाहेरच्या रेषा तयारच असतात. फक्त बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर आणि आपलं किचन सात फुटांवर. सहा इंच मागे टेप लावा की झालं. नेट तेवढं वेगळं न्यावं लागेल, आणि बॉल आतला, २६ मोठ्या भोकांचा. बाहेरचा ४० भोकांचा आत नेऊ नका, लाकडी फरशीवर फार पळतो.

---

बॅकहँड_एकहाती

टेनिसवाला बोलतोय, सांभाळून घ्या.

रिकामं कोर्ट म्हणजे नको असलेलं कोर्ट नव्हे. आमच्याकडचं दुसरं कोर्ट दोन वर्षं रिकामं होतं, कारण नेट ताणायचं हँडल गंजून बसलं होतं. आम्ही पत्रं लिहीत होतो. आमचीही 'नोंद' होत होती. एका सकाळी तिथे पिवळ्या रेषा आणि चार नेटं दिसली. आमच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. त्यानंतर वर्षभर काय भांडणं झाली ते विचारू नका. मीही त्यात होतो, आणि शोभेलसा वागलो नाही.

तेव्हा आधी तिथल्या टेनिसवाल्यांना भेटा. अर्जात त्यांचं नेट दुरुस्त करा हेही लिहा आणि त्यांच्या सह्या घ्या. एकाच कोर्टाची एकत्र मागणी दोन्हीकडून आली तर फाइल जरा हलते. तुमच्या रेषांना कोर्टाच्या रंगाच्या जवळची छटा मागा, आमच्या पांढऱ्या रेषा ठळक राहू द्या. सर्व्हिस बाहेर होती की आत, हे ठरवताना सहा रंगांचं जाळं डोळ्यांपुढे नको.

आणि हात जोडून सांगतो, ती हलवायची नेटं उचलून न्या. ओढत नेली की पायांच्या टोकांनी कोटिंगवर चरे पडतात.

---

तिसरा_मजला

मी या खेळातला नाही. माझ्या खिडकीसमोर तुमच्यासारख्याच हौशी लोकांची तीन कोर्ट झाली, म्हणून लिहितोय.

आवाजाचा विषय तुम्ही काढला नाहीत तर आम्ही काढू, आणि तेव्हा तो अर्ज नसेल, तक्रार असेल.

लोक म्हणतात, रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा आवाज याहून जास्त असतो. असेलही. पण ट्रॅफिक वाहतं, कान त्याला सरावतो. इथे टॉक. टॉक-टॉक. मग शांतता. आता थांबले वाटतंय तोच, टॉक. टेनिसच्या तारा बॉलला जरा धरून सोडतात म्हणून तो 'धप्प' येतो. कडक पॅडलवर कडक प्लास्टिक आपटलं की सूर वर जातो, हजार हर्ट्झच्या पुढे, आणि माणसाचा कान नेमका त्या पट्टीत तिखट असतो. म्हणून तासाभराच्या सरासरी डेसिबलचा कागद मला दाखवू नका. त्या सरासरीत दोन टॉकमधली शांतताही मोजलेली असते.

उपाय म्हणून आमच्याकडे कुंपणाला हिरवी जाळी लावली. तिने वारा अडतो, आवाज नाही. झाडंही लावली. दिसायला छान आहेत. आवाज अडवायचा तर भिंत किंवा जाड, जड पत्र्यासारखं काहीतरी लागतं, फट न ठेवता, आणि इतकं उंच की खिडकीतून खेळाडू दिसू नये. मी तिसऱ्या मजल्यावर, मला भिंतीवरूनही सगळं दिसतं, म्हणजे ऐकू येतं. अंतरासारखा उपाय नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. शंभर फुटांवरचं कोर्ट दोनशेवर गेलं असतं तर मी आज इथे लिहीत नसतो.

आणि एक विनंती. अर्ज देण्याआधी उद्यानासमोरच्या कुणाच्या तरी बाल्कनीत बसा. दहा मिनिटं पुरे. खाली चौघांना खेळू द्या.

---

निवृत्त_पण_धावती

फूटपट्टी, बॅकहँड, तिसरा मजला, तिघांचेही आभार. तिसरा मजला यांचं वाचून आधी राग आला, मग दोन दिवस ते 'टॉक' डोक्यातून जाईना. वहीत लिहून घेतलंय सगळं. महिन्याभराने येते.

---

निवृत्त_पण_धावती

पाच आठवडे लागले. काय काय झालं ते सांगते.

आधी मोजणी. चौदा दिवस, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, पाळीपाळीने उद्यानातल्या बाकावर वही घेऊन बसलो. पडीक कोर्टावर चौदा दिवसांत आलेली माणसं: सायकल शिकणारा एक मुलगा आणि त्याचे वडील, तीनदा. चालू कोर्टावर रोज संध्याकाळी थांबलेले टेनिसवाले, कधी दोन, कधी सहा. म्हणजे बॅकहँड यांचं खरं निघालं, त्यांनाही दुसरं कोर्ट हवंच होतं. त्यांच्यातले एक गृहस्थ पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. चौथ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाले, "आमचं नेट आठ महिने तुटलंय, तेही लिहा वहीत." लिहिलं. अर्जावर त्यांच्या सात सह्या आहेत.

पाण्याची परीक्षा केली. नाणं तीन ठिकाणी बुडलं, तिन्ही जागा एकाच कोपऱ्यात. माळीदादांना वाटलं आम्ही कोर्ट धुतोय. त्यांनी पाइप आणून दिला.

मग बाल्कनी. समोरच्या इमारतीत ओळख काढली आणि तिसऱ्याच मजल्यावरच्या आजींकडे जाऊन बसले. खाली आमचे चौघं खेळत होते, टेनिसच्या तुटक्या नेटवरून, जमेल तसे. आजी म्हणाल्या, "हे कुणीतरी टेबलावर बोट आपटत बसलंय असं वाटतं." मी सातव्या मिनिटाला उठले. इतके दिवस तो आवाज मी खालून ऐकला होता, हातात पॅडल घेऊन. खालून तो कसा आनंदाचा वाटतो!

परत येऊन अर्ज बदलला. चार कोर्टांची मागणी काढून दोन केली, दोन्ही इमारतीपासून लांबच्या अर्ध्या भागात. सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर खेळ नाही. उरलेला अर्धा भाग टेनिसच्या सरावाच्या भिंतीसाठी, ती कल्पना टेनिसच्या गृहस्थांची. नेट दुरुस्त झालं की दिवसातले ठरलेले तास पूर्ण कोर्ट त्यांचं, तेव्हा आमची नेटं बाजूला. बॅडमिंटन हॉलची दुपार वेगळ्या अर्जात मागितली. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोघं रुसून गेले, 'एवढं सोडायचं होतं तर मागायचं कशाला' म्हणून. त्यांना बाल्कनीत चला म्हटलं, आले नाहीत.

मंगळवारी उद्यान खात्याचे एक अधिकारी जागा बघायला आले. वही चाळली, खडूचे गोल बघितले आणि म्हणाले, "एक बॉल मारून बघू?" खालून सर्व्हिस करायची असते हे सांगेपर्यंत त्यांनी बॉल कुंपणाबाहेर घालवला होता. पंधरा मिनिटं खेळले, बूट घालून. शेवटी किचनमध्ये उभं राहून हवेतला बॉल मारला, तर आमच्या बँकवाल्या काकांनी ओरडून फॉल्ट दिला. मला वाटलं संपलं सगळं. पण ते हसले आणि म्हणाले, "नियम लिहून पाठवा."

पक्कं काही मिळालेलं नाही. सहा आठवडे तात्पुरती परवानगी आहे, रंग लावायचा नाही, खांब रोवायचे नाहीत. हॉलचं उत्तर अजून नाही. कोपऱ्यातले खड्डे 'पुढच्या कामात' धरलेत. सोमवारी सात वाजता रेषा मारायच्या आहेत. खडू नको, पावसाने जातो, टेप लावा म्हणालेत. फूटपट्टी, टेप कुठल्या प्रकारची घेऊ? उन्हात वितळून कोटिंगसकट निघून आली तर सातही सह्या परत मागतील.

---

फूटपट्टी

चांदीच्या रंगाची ती जाड कापडी टेप अजिबात नको, तिचा गोंद निघता निघत नाही. रंगकामाची मास्किंग टेप किंवा कोर्टासाठी मिळते ती, दोन इंच रुंद. आधी झाडून घ्या, कोर्ट कोरडं हवं. कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी वीतभर तुकडा दोन दिवस उन्हात ठेवून काढून बघा. आणि टेपची रुंदी मापाच्या आत धरा, रेघेची बाहेरची कड ४४ फुटांवर यायला हवी. यात निम्मे लोक चुकतात.

---

निवृत्त_पण_धावती

आम्ही दीड वर्ष चुकत होतो तर. म्हणून काकांच्या सर्व्हिस चार बोटं बाहेर जायच्या. त्यांना अजून सांगितलेलं नाही.