कोविडनंतरचा थकवा जात नाहीये, मध्येच लसही घेतली: कोणाला दाखवावं?

गवतफुला
वय चाळिशीत, आधी कुठलंही दुखणं नाही. काही महिन्यांपूर्वी कोविड झाला. ताप गेला, पण अंगातलं त्राण काही परत आलं नाही. त्यानंतर लसीचा डोस घेतला. कणकण आली, काखेत गाठ आली आणि दंड इतका दुखला की केस विंचरता येईनात. ते सगळं थांबलं, थकवा मात्र आहे तसाच. एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून घर आवरायला घ्यावं, तर दुसऱ्या दिवसापासून अंथरूण. जिना चढला की धडधड. बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. घरात दोन तट पडलेत: एकाच्या मते हे लसीनेच केलं, दुसऱ्याच्या मते मनाचे खेळ, रोज व्यायाम कर. तपासण्या कोणत्या करू? पुढचा डोस घेऊ की नको?

उंबरठा
आधी तारखा एका कागदावर उतरवा: ताप कधी, डोस कधी, थकवा कधीपासून. तुम्ही लिहिलंय त्यावरून थकवा लसीच्या आधीचा आहे, तेव्हा पहिला संशय आजारावरच जातो. लसीची कणकण, अंगदुखी साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. काखेतली गाठ काही आठवडे राहू शकते. एवढ्यात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायची असेल तर कोणत्या हाताला लस घेतली ते आधी सांगा, नाहीतर ती गाठ बघून उगाच घाबरवतील. गाठ वाढत असेल किंवा राहिलीच, तर मात्र दाखवा.

कडूगोड
थोडा असहमत. 'लसीने काही होतच नाही' हेही खरं नाही. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) लसींनंतर काही जणांना हृदयाच्या स्नायूला सूज आली. त्यात तरुण मुलगे जास्त, तेही बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं २०२१ मध्ये समोर आलं. दोन्ही दुर्मीळ, पण खरे. माझी गोष्ट याहून साधी. सुई खांद्यावर फार वर टोचली गेली आणि हात वर होईना. "जाईल आपोआप" असं सांगून घरी पाठवलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी सांध्याभोवतीची सूज पकडली आणि फिजिओथेरपीने हात मोकळा झाला. तेव्हा तक्रार लिहून घ्यायला लावाच. नोंदच झाली नाही तर दुर्मीळ त्रास दुर्मीळ आहे हे तरी कसं कळणार?

सहजानंदी
माझ्याकडे लस शरीरातून बाहेर काढणारा डिटॉक्सचा कोर्स आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

उंबरठा
लस धुऊन काढणारं औषध अस्तित्वात नाही. गवतफुला, व्यनि करू नका.

निवांत
मी याच वाटेवर आहे, म्हणून जरा सविस्तर. कोविडनंतर असा रेंगाळणारा त्रास म्हणजे लाँग कोविड. त्याची जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची व्याख्या अशी: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही लक्षणं असणं, ती किमान दोन महिने टिकणं आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा उलगडा न होणं. यातलं शेवटचं महत्त्वाचं. म्हणून सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनपासूनच करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड, साखर, बी-१२, ईसीजी हे आधी बघतात. थायरॉईड निघाला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही, असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. लाँग कोविड पकडणारी एकच अशी चाचणी नाही.

धडधडीसाठी घरी करता येण्यासारखं: थोडा वेळ पडून राहून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत परत परत मोजा. रक्तदाब न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर 'पॉट्स' (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा आजार) तपासायला सांगा. चक्कर येत असेल तर एकटीने करू नका. छातीत दुखणं, धाप लागणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर धाग्यावर न विचारता सरळ दवाखाना.

आता व्यायामाबद्दल. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळणं हे तुमचं लक्षण असताना 'रोज थोडं थोडं वाढवत न्या' हा सल्ला उलटा पडतो. अशाच पोस्ट-व्हायरल थकव्यात, म्हणजे एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये काढून टाकली. बरं वाटतं त्याच दिवशी हात आखडता घ्यायचा. भांडी बसून घासा, आंघोळ आणि केस धुणं एका दिवशी नको. बौद्धिक कामही श्रमातच धरा, हे घरच्यांना पटायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

गवतफुला
मनावर मोठं ओझं होतं, थोडं उतरलं. वहीत लिहायला घेतलंय. डोसचं राहिलं.

उंबरठा
आधीच्या डोसला नुसता ताप, अंगदुखी झाली असेल तर ते पुढचा डोस टाळायचं कारण नाही. जोराची अ‍ॅलर्जी किंवा हृदयाला सूज झाली असती तर गोष्ट वेगळी. तुमची धडधड अजून तपासायची आहे, ती आधी तपासून घ्या आणि डोसचं त्याच डॉक्टरांना विचारा. वही बरोबर न्या.